अडीच ग्रॅम

व्हाइस स्ट्रीटवर, दुसऱ्या मजल्यावर माझं काम चालतं.
खाली घड्याळं, वर कबुतरं.
मांडीवर ताणलेलं कातडं,
त्यात दिवसभराचा कीस पडतो.
संध्याकाळी तो पिसानं झाडून घेते,
हुपरीत आई पैंजणांचा घ्यायची तसाच.
तिचा पांढरा असायचा, इतकंच.

लोक विचारतात, कुठला धातू घ्यावा?
माझं उत्तर पाठ झालंय:
प्लॅटिनम जड. झिजत नाही, चरे धरून ठेवतं.
बावीस कॅरेट मऊ. ज्या हातांना काम आहे त्यांनी घेऊ नये.
नऊ कॅरेट हे इथलं सोनं,
निम्म्याहून जास्त दुसरंच काहीतरी,
पण जन्मभर साथ देतं.
पॅलेडियम इतकं हलकं की बोटात आहे हे विसरायला होतं.
चांदी काळवंडते,
आणि याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

नोव्हेंबरात मिस्टर हिंगली जिना चढून आले,
मधे दोनदा थांबून.
बसायच्या आधीच म्हणाले,
हरवायला सोपा असा धातू कुठला?

एनिड अंगठी काढते आणि लपवते.
पहिली साखरेच्या डब्यात सापडली,
नंतर कुंडीत,
नंतर सापडलीच नाही.
मग त्यांनी चांदीची आणली, सोन्याचं पाणी दिलेली.
तिनं बोटात घातली, हात खालीवर केला,
आणि विचारलं, ही कुणाची?

त्यांचं नाव तिला आता आठवत नाही.
वजन आठवतं.

मी वही उघडली. घनता काढली.
टंगस्टन कार्बाइड, म्हटलं.
अठरा कॅरेट सोन्याइतकंच भरतं, अगदी जवळजवळ.
वरून मुलामा देऊ.
हरवली तर तीस पौंड.
आमच्या धंद्यात टंगस्टन लबाडांच्या कामाचं,
विटेच्या पोटात घालतात आणि वीट सोन्याची म्हणून विकतात.
त्याचा कुणावर उपकार होऊ शकतो
हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.
मी जराशी खूशच होते स्वतःवर.

म्हातारा बराच वेळ कबुतरं ऐकत राहिला.
तिला कळणार नाही, म्हणाला.
मग: नको.
हरवायची तर खरीच हरवू दे.

आणि आपली अंगठी काढायला लागला.
निघेना. साबण दिला, मग दोरा गुंडाळून ओढली.
बोटाच्या सांध्यापाशी कातडी
पाण्यात भिजलेल्या बदामासारखी पांढरी.
रुंद, जुनी, आत नांगराचा ठसा.
या गावाला समुद्र नाही,
तरी इथल्या सोन्यावर नांगर असतो.
ठसा असतो म्हणून विश्वास, असं गिऱ्हाइकाला सांगतो आम्ही.

काट्यावर आठ ग्रॅम आणि वर थोडं.
तिची अडीचची होती.
म्हणजे तीन होतील, त्यांनी हिशेब केला,
सुताराचं डोकं.
एक आता कर.
बाकीचं तुझ्याकडे राहू दे.

मुशीत टाकताना मी नेहमी बघत नाही.
त्या दिवशी बघितलं.
कडा आधी गेल्या, मग नांगर,
मग एक थेंब गोल झाला आणि थरथरला,
कुठल्याच बोटाचा नसलेला.

पाच ग्रॅमच्या खालीवर उरलं.
खाकी पाकिटात घालून वर लिहिलं: हिंगली, दोन.
खणात डाव्या बाजूला, टाकणखाराच्या डबीमागे.

आता मे महिना आहे.
ते आलेले नाहीत.
म्हणजे एनिडनं अंगठी जपली असेल,
किंवा दुसरं काही.
फोन नंबर आहे माझ्याकडे.

काल एक तरुण जोडपं आलं,
प्लॅटिनम की पॅलेडियम, यावर छान भांडत होतं.
मी ठरलेलं सांगितलं.
मग खण उघडून ते पाकीट त्यांच्या तळहातांवर
एकेकदा ठेवलं, न सांगता की काय आहे,
आणि विचारलं, किती वाटतं?